नळावरचा सहावा हिस्सा

एक उन्हाळाभर मी राजा होते. राणी नाही, राजा. राणी म्हटलं की पलंगावर बसून विडा खाणारी बाई डोळ्यांपुढे येते. मला बसायला तळ फुटलेली एक उलटी बादली होती आणि बसायला वेळ नव्हता. माझं राज्य म्हणजे भिलाईच्या मजूर-कॅम्पातल्या आमच्या टिनाच्या खोल्यांच्या दोन लाइनींच्या मधला एकुलता एक नळ, त्याच्याभोवतीचा लाल मुरमाचा चिखल आणि त्या चिखलात गुंड, म्हणजे पितळी हंडे, आणि घागरी घेऊन उभ्या राहणाऱ्या साऱ्या बाया. हातात दंड म्हणून बाभळीची काठी. शिक्षण चौथी पास, तेही गावाकडच्या शाळेत, जिथे मास्तर धान कापणीला गेले की शाळा बंद. माझी नात कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. ती म्हणते, आजी, तुमच्या नळावर जे झालं त्याला आमच्या पुस्तकात सोशल कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. मी म्हटलं, आम्ही त्याला नळ म्हणत होतो.

तेव्हा पोलादाचा कारखाना उभा व्हायचा होता. आता जिथे चिमण्या आहेत तिथे खड्डे होते, आणि खड्ड्यांच्या काठाने डंपर, माणसं आणि रशियन साहेब फिरत होते. दिवसभर जमिनीत लोखंडी खांब ठोकायचे. त्या प्रत्येक ठोक्याला आमच्या फळीवरच्या पितळी ताटल्या किणकिण करायच्या. माय त्या ठोक्यावर तांदळाची भाकर थापायची, म्हणजे तिला तसं करायचं नसे, पण हात आपोआप तिकडच्या तालावर पडत. ठोकणं थांबलं की ती भाकर हातात धरून बाहेर पाहायची, आता काय झालं म्हणून. टिन उन्हाने इतकं तापायचं की दुपारी भिंतीला पाठ लागली तर माणूस ओरडायचं. वारा सुटला की वरणात मुरूम. आम्ही भंडाऱ्याकडचे, भात खाणारे. लाखोरीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी, भात, आणि त्यावर वरून कारखान्याची माती. बाबा खांब उचलणाऱ्या टोळीत होते. ते संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन यायचे आणि माय रोज दारात उभी राहून विचारायची, "कोन पाहिजे तुमाले?" बाबा रोज म्हणायचे, "सगुणाबाईचा नवरा इथंच राहते का?" आणि दोघं रोज हसायचे. यात हसण्यासारखं काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवसांत कॅम्पात सगळ्यांचंच तसं झालं होतं. काहीतरी प्रचंड मोठं उभं राहणार, आणि ते आपण करतोय, या एका गोष्टीने मोठमोठी माणसं पोरांसारखी वागत होती.

त्यातच दौलतमामा आला. मायचा धाकटा भाऊ. नागपूरला बी.ए.ला बसायचा, आपटायचा, पुन्हा बसायचा. शेवटी नोकरीच्या आशेने ट्रंकभर पुस्तकं घेऊन भिलाईला आला आणि आमच्या दारासमोर खाटेवर झोपू लागला. खाट आखूड, मामा लांब, त्यामुळे येणारीजाणारी बाई त्याच्या पायांना अडखळून शिवी देऊनच पुढे जायची. मामाला राग यायचा नाही. तो नेहमी दोन-अडीच हजार वर्षं मागे असायचा. मगधात काय होतं, ग्रीस देशात काय होतं, राजे कसे निवडत, कर कसा घेत, दंड कसा करत. पुढारी भाषणात काहीही बोलोत, मामा म्हणायचा, हे तर जुन्या लोकांनी केव्हाच सांगून ठेवलंय. लाइनीतल्या बाया त्याला प्रोफेसर म्हणायच्या आणि त्याच्याकडून डाळ निवडून घ्यायच्या.

जेवताना त्याचं आणि बाबांचं जुंपायचं. मामा सांगायचा की आद्य काळात राजाच नव्हता. मोठा मासा लहान माशाला खायचा, त्याला मत्स्यन्याय म्हणत. मग कंटाळून सगळे एकत्र आले, एकाला म्हणाले, तू आमचं रक्षण कर, आम्ही तुला धान्याचा सहावा हिस्सा देतो. तोच पहिला राजा, तोच पहिला कर. "भाऊजी, तुमचा हा कारखाना म्हणजे काय? सहावा हिस्साच. साऱ्या देशानं थोडं थोडं दिलं, त्याचं लोखंड होऊन राहिलं."

बाबा म्हणाले, "म्हंजे माहाही हिस्सा आहे त्यात."

"आहेच ना."

"मंग उद्या एक सळई घरी आनतो. माह्या हिश्शाची."

"तसं नाही भाऊजी. हिस्सा दिला की तो सगळ्याईचा होते. एकट्या कोनाचा राहत नाही."

"म्हंजे माहा आहे आन् माहा नाही."

"हेच तं! हेच समजायला लोकाईले हजार वर्षं लागली."

"मले भात वाढ वो," बाबा मायला म्हणाले. "हा समजेपर्यंत थंडा होईन."

आता नळाचं. नळाला पाणी सकाळच्या भोंग्याला यायचं आणि दुपारच्या भोंग्याला यायचं. मध्ये नुसती फुसफुस. दोन लाइनींतल्या साऱ्या बाया त्या एका तोटीवर पडायच्या. मराठी, तेलुगू, पंजाबी, बिहारी, सगळ्या आपापल्या भाषेत भांडायच्या आणि सगळ्यांना सगळं समजायचं. त्यात सर्वांत जबर सुंदराबाई, वर्ध्याकडची. अंगाने दणकट, आवाज भोंग्याला मागे टाकणारा, आणि तिचे गुंड एवढे मोठे की एक भरेपर्यंत मागच्या बाईचं पोरगं रांगायला लागेल असं माय म्हणायची. ती आली की नंबर वगैरे काही नाही. कुल्ल्याने बाजूला सारायची आणि गुंड लावायची. एकदा अशीच तिने आमच्या शेजारच्या अप्पम्माला सारलं. अप्पम्मा आंध्राकडची, हाडकुळी. तिची मातीची घागर दगडावर पडून फुटली. अप्पम्माने घागरीचा गळा उचलला आणि सुंदराबाईच्या डोक्यात बांगडीसारखा अडकवायला धावली. माय मध्ये पडली, मायच्या अंगावर दुसरी पडली, आणि पाहता पाहता नळाखाली बायांचा ढीग झाला. नळ आपला वरून वाहतोय.

मामा राखुंडीने दात घासत होता. तोंडातली राख तशीच ठेवून तो नाचत आला. "मत्स्यन्याय! बाई, हाच मत्स्यन्याय!"

"कोनता मासा?" ढिगाखालून माय म्हणाली.

मग चिखलात बसल्या बसल्या त्या बायांनी मामाची ती गोष्ट ऐकली. केस सुटलेले, लुगडी लाल झालेली, आणि समोर राखेचं तोंड घेऊन मामा सांगतोय की पृथ्वीवर पहिला राजा कसा निवडला. ऐकून ऐकून मला गोष्ट पाठ झाली होती, तरी मला हसू आवरेना. सगळ्यांत आधी पटली ती सुंदराबाईला. "बराबर आहे. राजा पाहिजे. मी होतो."

"तू तं मोठा मासा होय!" सगळ्या एकदम ओरडल्या.

मामा म्हणाला की जुन्या रशियन राजाला मारून टाकणाऱ्या लोकांचं म्हणणं तर असं आहे की सहावाच हिस्सा कावून, सारंच पाणी एका ड्रमात टाका आणि मग सारखं वाटा. सुंदराबाईने विचारलं, "मंग त्या ड्रमावर कोन बसन?" मामा म्हणाला, यावर तिकडेही वाद सुरू आहे. मग त्याने समुद्रापलीकडच्या कुण्या म्हाताऱ्याचं मत सांगितलं, की ज्याला राज्य करायची हौस नाही त्याच्याच गळ्यात राज्य मारावं. झालं. ज्या बाया आतापर्यंत मी मी करत होत्या त्या पदर सावरून म्हणू लागल्या, छे वो, मले कुठं हौस, मले नाही पाहिजे बाप्पा. आणि डोळे नळावर. मला एकटीला खरंच नको होतं. मला पाणी भरून झालं की खड्ड्याच्या काठावर जाऊन रशियन साहेबांना पाहायचं असायचं. ते इतके गोरे की उन्हाने सोलून निघायचे, आणि आम्ही पोरी त्यांच्या नाकाची कातडी कुठवर निघाली त्यावर पैज लावायचो. मी सरळ सांगितलं, "मी नाही होत. मले काम आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. "हीच ती!"

"मथू?" माय म्हणाली. "तिले वेणी घालता येत नाही."

पण ठरलं. मला बादलीवर बसवलं. अप्पम्माने फुटक्या घागरीचा गळा माझ्या डोक्यावर मुकुट म्हणून ठेवला, तो नाकापर्यंत घसरला, आणि माझ्या राज्याला सुरुवात झाली.

खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी मला ते आवडायला लागलं. नंबर लागायचा. मी काठी आडवी धरली की थांबायचं, उभी केली की पुढे सरकायचं. सुंदराबाईसुद्धा थांबायची, काहीशी गंमत म्हणून आणि काहीशी मामाने तिला प्रधान केल्यामुळे. प्रधान झाल्यावर तीच दुसऱ्यांना नंबर मोडू देईना. मी पुढे आयुष्यात पुष्कळ पुढारी पाहिले. भांडखोर माणसाला पद दिलं की तो नियमाचा कसा कडक होतो ते मला त्यांच्याआधी ठाऊक होतं. सहाव्या हिश्शाचं असं ठरलं की भरलेल्या प्रत्येक गुंडामागे एक गडवा, म्हणजे गडू, राजाच्या ड्रमात. ड्रम लोखंडी, ठेकेदाराने टाकून दिलेला. साऱ्यांनी मिळून राखेने घासून काढला होता. घासताना गाणी म्हटली, आणि अप्पम्माचं गाणं कुणालाच कळलं नाही तरी सगळ्यात जास्त हसलो ते त्यालाच.

पहिले काही दिवस ते पाणी आमच्या घरी यायचं. राजाचा पगार. मायने सगळ्या गोधड्या धुतल्या, मग आधीच धुतलेल्या पुन्हा धुतल्या. मी डोक्यावरून पाणी घेऊन आंघोळ केली. बाबा दारातच इतके धुतले जायचे की मायला "कोन पाहिजे" विचारायची सोय राहिली नाही. मग एका संध्याकाळी कोरड्या नळापाशी बिसाहिन उभी दिसली. आमच्या लाइनीच्या शेवटच्या खोलीत राहायची. इथलीच, कुम्हारीकडच्या एका खेड्यातली, बांधकामावर रेजा होती, दिवसभर डोक्यावर गिट्टीची टोपली. ती पहाटे जायची तेव्हा नळ आलेला नसे आणि परत यायची तेव्हा गेलेला असे. मग एवढं काम करून ती दूरच्या तळ्यावर घागर घेऊन जायची. आमच्यापैकी कुणाच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण ती भांडायला हजर नसायची. जो भांडायला हजर नाही तो नाहीच, असं तेव्हाही होतं. तिने ड्रमात वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "नोनी, ये पानी काकर हे?" म्हणजे पोरी, हे पाणी कुणाचं. मी म्हटलं, राजाचं. राजा कोण? मी. ती इतकी हसली की तिच्या केसांतली सिमेंटची पूड ड्रमात पडली. मी तिला घागर भरून दिली.

दुसऱ्या संध्याकाळी ती तिच्याबरोबरच्या रेजांना घेऊन आली. तिसऱ्या दिवशी सुंदराबाईने नळावर दरबार भरवला.

"आमी देऊन राहिलो राजाले, आन् पिऊन राहिल्या रेजा. असं कावून?"

मामा म्हणाला, "दुष्काळात राजानं कोठार उघडावं असं जुनं शास्त्र आहे. त्याईच्यासाठी रोजच दुष्काळ आहे."

"शास्त्र मले मान्य आहे," सुंदराबाई म्हणाली. "पन मंग मथूची माय त्यात गोधड्या धुवून राहिली, ते कोनत्या शास्त्रात आहे? एक तं राजाचं म्हना, नाही तं कामावरून येनाऱ्याईचं म्हना. दोनी तोंडानं खाऊ नका."

मायचा चेहरा लाल झाला. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी काठी आपटून सांगितलं की आजपासून ड्रमाचं पाणी, नळ चालू असताना जे कामावर असतात त्यांचं. राजाच्या घरचं कोणी हात लावणार नाही. सुंदराबाईने टाळी वाजवली. मामाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. माय गुंड उचलून निघून गेली. पण लाइनीत ते ठरलं ते ठरलं, आणि त्यानंतर हिश्शाचा गडवा टाकताना कुणी कुरकुर केली नाही. उलट बाया जरा शिगोशीग टाकू लागल्या, कुणी पाहत असेल तर.

मग मामाला पाहायला पाहुणे येणार असा निरोप आला. मुलीचे वडील वासेकर, रसमड्याच्या स्टेशनावर केबिनमध्ये सिग्नल ओढायचे. ते आणि त्यांची बायको दुपारच्या गाडीने येणार. माय पेटली. सकाळी आलेलं सगळं पाणी तिने घर धुण्यात, अंगण सारवण्यात आणि मामाला घासण्यात घालवलं. दुपारी पुन्हा नळ येईलच, पाहुणे त्यानंतर. हिशेब चोख होता. पण दुपारचा भोंगा झाला आणि नळाने नुसती उचकी दिली. कुठेतरी डंपरने पाइप फोडला होता. आता फक्त एका ठिकाणी पाणी होतं, माझ्या ड्रमात, काठोकाठ.

आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्याने दारात पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही आणि पाय धुवायला पाणी दिलं नाही तर पाहुणा दारातूनच परत. सोयरीक जुळवायला आलेला तर नक्कीच. मग पोहे भिजवायचे, चहा, प्यायला पाणी. माय दोन गुंड घेऊन आली.

"मथू, काठी बाजूला घे."

"ते रेजाईचं पानी होय."

"मले मालूम आहे कोनाचं होय. संध्याकाळी भरून देईन."

"नळ कुठं आहे? भरशीन कायनं?"

आजूबाजूच्या बाया जमल्या. रिकामा नळ असून इतकी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. मामा धावत आला. डोक्याला तेल, इस्त्रीचा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. "मथू, ऐक. यालेच आपद्धर्म म्हनते. संकटात राजानं कोठाराचा नियम मोडला तं चालते. शास्त्र आहे."

"संकट कोनाचं?" मी विचारलं.

"माहं!"

बाया खो खो हसल्या. अप्पम्मा म्हणाली, "पानी नै, शादी नै!" आणि स्वतःच इतकी हसली की तिला धरावं लागलं. एकीचं म्हणणं, लग्न म्हणजे संकटच, द्या पाणी. दुसरीचं, संकट असेल तर टळू दे की. आपद्धर्मावर एवढा वाद झाला, पण सुंदराबाई हसत नव्हती. ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"देऊन टाक ना राजा मायले पानी," ती म्हणाली. "दे. पन उद्यापासून मी माहे चार गुंड पयले लावन. मंग काठी दाखवू नको मले."

हे तिने कुचकेपणाने म्हटलं असेल, पण खोटं नव्हतं. दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बायांचा ढीग आणि बिसाहिन तळ्यावर. आणि नाही दिलं तर मामाचं लग्न मोडतं आणि मायला तोंड दाखवायला जागा नाही, तीही सगळ्या लाइनीदेखत. मामानेच सांगितलं होतं की राजाचा दंड पोराला आणि वैऱ्याला सारखा. मायबद्दल काही सांगितलं नव्हतं. शास्त्र लिहिणारे सगळे पुरुष. त्यांना पाहुणे येताना पोहे भिजवायचा प्रसंग आला नसावा.

"नाही," मी म्हटलं.

मायने हात उचलला. मी काठी आडवी धरली. मारायला नाही, सवयीने, नंबर थांबवायला धरायची तशी. माय थांबली, तीही सवयीनेच. मग तिच्या लक्षात आलं की आपण पोरीच्या काठीला थांबलो, आणि ती इतकी संतापली की रिकामे गुंड तिथेच टाकून गेली. "आज राजवाड्यातच जेवजो," जाता जाता म्हणाली.

आणि पाहुणे आले. वासेकर उंच, काटक, मिशा सिग्नलच्या दांड्यासारख्या सरळ. बायको गोल, हसरी. दोघांचे पाय घोट्यापर्यंत लाल. अंगणात येऊन ते उभे राहिले आणि पाण्याची वाट पाहू लागले. बाबा कामावर होते. माय दाराआड. मामाने काय करावं? त्याने बोलायला सुरुवात केली. मत्स्यन्यायापासून. वासेकर ऐकत राहिले. मामा मगधात पोचला. वासेकरांनी एक पाय दुसऱ्या पायाला घासला. मामा ग्रीस देशाला निघाला तेव्हा त्यांनी हात वर केला, गाडी थांबवतात तसा.

"बापू, ते सारं ठीक आहे. पाय धुवाले पानी देता का?"

"तिथंच येऊन राहिलो," मामा म्हणाला.

वासेकरांना ड्रम दिसला. ते तरातरा आले, गडवा उचलला, आणि मध्ये माझी काठी.

"सर वो पोट्टे."

"हे कामावरून येनाऱ्याईचं पानी होय. तुमी कामावरून आले का?"

"मी सुट्टी टाकून आलो!"

"मंग नाही."

"तू कोन होय?"

"राजा."

त्यांच्या मिशा हलल्या. मला वाटलं आता हा माणूस मला ड्रमात बुडवणार. पण मागे त्यांची बायको अशी काही हसली, अशी हसली, की तिला उभं राहवेना. ती माझ्या बादलीवर बसली, डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "अवं, तिकडं सारे गाड्या तुमी थांबवता. आज तुमालेच सिग्नल मिळाला!" वासेकर बघत राहिले, मग तेही फिस्स करून हसले, आणि हसू त्यांच्या त्या मिशांना बिलकूल शोभत नव्हतं.

तेवढ्यात सुंदराबाई आली. तिच्या हातात तिच्या घरचा गडवा. "घ्या पाव्हनं, धुवा पाय. हे माह्या घरचं होय, राजाचं नाही." तिने दिलं म्हणताच अप्पम्माने आणलं. मग पंजाबीण, मग बिहारीण, कुणी गडवा, कुणी तांब्या, कुणी वाटीभर. सुंदराबाईच्या पाण्याने पाय धुतले, अप्पम्माचं प्यायले, पोहे तर चार घरच्या पाण्यात भिजले. माझी नात ही गोष्ट ऐकून गहिवरते, म्हणते, आजी, कर सक्तीचा असतो पण दान मनाचं. काही मनाचं नव्हतं. त्या सगळ्यांना पाहुणे जवळून पाहायचे होते, आणि जिने जिने पाणी दिलं ती ती चहाला बसली. पाणी जमलं खरं, पण चहा पिणारे त्याहून जास्त जमले. माय भांड्यात पाहून कपाळाला हात लावत होती. पंजाबीण म्हणाली, तिच्या घरी दूध आहे, पण मग तिच्या सासूलाही बोलवावं लागेल. सासू आली. खांबाचे ठोके पडत होते, ताटल्या वाजत होत्या, आणि ठोका पडला की वासेकरांची बायको कप उचलून धरायची आणि हसायची. मी आत गेले नाही. मी ड्रमापाशी होते, कारण इतक्या बाया आत असताना बाहेर एकटा ड्रम ठेवणं मला योग्य वाटेना. मला चहा कुणी आणून दिला नाही.

जाताना वासेकरांनी होकार दिला. मामाला वाटलं तो मगधाला मिळाला. पुढे मामी झाल्यावर तिनेच सांगितलं की दोनच गोष्टी पाहिल्या गेल्या: मामाला प्लांटमध्ये टाइमकीपरची नोकरी लागायची जवळजवळ पक्की होती आणि दात सगळे होते.

पाहुणे गेले. ऊन कललं. बाया दारादारात बसल्या होत्या, पण कुणाचंच लक्ष घरात नव्हतं. सगळ्या बिसाहिनची वाट पाहत होत्या. एवढा तमाशा जिच्यासाठी झाला तिला तो काहीच माहीत नव्हता. माय दारात उभी होती. माझ्याकडे पाहत नव्हती, पण ड्रमाकडे पाहत होती. बिसाहिन आली. डोक्यावरची चुंबळ काढली, घागर खाली ठेवली, ड्रमात हात घातला आणि तोंड वाकडं केलं.

"अई! पानी तो अब्बड़ तात हे वो नोनी. छांव मा नइ रखे सकस?"

पाणी फार गरम आहे, सावलीत ठेवता येत नाही का, एवढंच ती म्हणाली. मग सुंदराबाईच्या पोटातून जो आवाज निघाला त्याने अप्पम्माच्या घरचं निजलेलं पोर उठलं. एकीने दुसरीला धरलं, दुसरीने खांबाला. पंजाबीणीची सासू न कळताच हसत होती. बिसाहिन सगळ्यांकडे पाहत विचारत होती, का होगे, का होगे, म्हणजे झालं काय, आणि कुणाला सांगता येईना.

माय हसली नाही. ती आली, पदर कमरेला खोचला आणि ड्रमाला एका बाजूने हात घातला.

"पाहत काय राहिली सुंदराबाई? धर तिकडून. त्या भिंतीच्या सावलीत सरकवू."

सुंदराबाईने धरलं, अप्पम्माने धरलं, बिसाहिननेही धरलं. भरलेला ड्रम हलेना. मग थोडा हलला, पाणी काठावरून उसळून साऱ्यांच्या अंगावर आलं, सगळ्या किंचाळल्या आणि पुन्हा लावला जोर. मी काठी घेऊन समोर उभी होते, कुणाचा नंबर आहे ते मला कळत नव्हतं. माय ड्रमावर ओणवी झालेली, तोंडावरून पाणी ओघळतंय, तिने त्या दिवशी दुपारनंतर पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"सरक वो राजा," ती म्हणाली. "मधात कावून उभी राहिली?"